इमॅजिकाला निघताना लहान मुलाची बॅग अशी भरा

साताऱ्याहून खोपोलीच्या इमॅजिका या मनोरंजन पार्कला पोचेपर्यंत बॅग चार वेळा उपसली जाते आणि ऐन वेळी कोरडी चड्डीच सापडत नाही. म्हणून कपडे सुटे भरू नका, जोड्या करा.

१. टी-शर्ट, हाफ पँट, चड्डी एकत्र गुंडाळून झिपच्या एका पिशवीत. अशा तीन पिशव्या. कपडे बदलले की ओले त्याच रिकाम्या पिशवीत. बाकीची बॅग कोरडी राहते.

२. एक पिशवी बॅगेत न टाकता गाडीत हाताशी ठेवा. घाटात मूल ओकलं तर डिकी उघडावी लागत नाही. सोबत ओला नॅपकिन आणि दोन रिकाम्या कॅरीबॅग.

३. वॉटर पार्कसाठी नायलॉनचाच पोशाख. सुती कपड्यांवर पाण्यात सोडत नाहीत, मग तिथे भाड्याने घ्यावा लागतो आणि लहान मापाचा मिळेलच असं नाही. टॉवेल पातळ पंचाच बरा, लवकर वाळतो.

नेहमीचा डायपर घालून पाण्यात उतरवू नका. तो पाणी शोषून फुगतो, फाटतो. पोहण्याचा वेगळा डायपर मिळतो. तो लघवी धरत नाही, त्यामुळे पाण्यात उतरतानाच घाला.