बैठक पुढे ढकलायची? इंग्रजीत 'पुश बॅक' म्हणा

मराठीत बैठक 'पुढे' ढकलतात, म्हणून इंग्रजीतही 'पुश फॉरवर्ड' लिहिलं जातं आणि घोटाळा होतो. उशिरा घ्यायची तर 'पुश बॅक' किंवा 'पुट ऑफ'. आधी घ्यायची तर 'ब्रिंग फॉरवर्ड'. भारताबाहेर 'प्रीपोन' अनेकांना कळत नाही.

नवा दिवस सांगताना 'पुश बॅक टू फ्रायडे', फरक सांगताना 'बाय टू डेज'. 'पुट ऑफ'ला मात्र 'अंटिल फ्रायडे' जोडा. 'बाय फ्रायडे' म्हणजे शुक्रवारपर्यंतची मुदत. 'इट' मधोमधच येतं: 'पुट इट ऑफ अंटिल फ्रायडे'.

'मूव्ह फॉरवर्ड' टाळलेलंच बरं. बुधवारची बैठक 'मूव्ह्ड फॉरवर्ड टू डेज' म्हटलं, की इंग्रजी मातृभाषा असलेल्यांतही कुणी सोमवार धरतं, कुणी शुक्रवार. सोबत तारीख लिहाच.