मतमोजणीच्या टेबलावर पहिल्यांदा बसणार असाल तर

पहिल्या मतमोजणीचा आदेश हातात पडला तेव्हा मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी होते. मतदान केंद्रावर काम केलं होतं, मोजणी कधी केली नव्हती. कोणतं बटण कधी दाबायचं हे प्रशिक्षणात नीट शिकवलं होतं. पण टेबलावर आपली जबाबदारी नेमकी काय असते, हे मला त्या दिवशी अकराच्या सुमारास कळलं. यंदा ज्यांची पहिलीच नेमणूक आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

पहाटे पाचला शेवटचं रँडमायझेशन, म्हणजे संगणकाने केलेलं टेबलांचं वाटप, होतं आणि त्यानंतरच टेबल नंबर कळतो. टेबलावर पर्यवेक्षक, सहायक आणि सूक्ष्म निरीक्षक असे तिघं. जाळीपलीकडे उमेदवारांचे मतमोजणी प्रतिनिधी. आठला टपाली मतं सुरू होतात, मग यंत्रं. मोबाईल बाहेरच राहतो, तेव्हा घरी आदल्या रात्रीच सांगून ठेवा.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ६४ प्रमाणे मोजणी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली होते. निकाल तेच जाहीर करतात. पण एकेका केंद्राचा आकडा त्यांच्यापर्यंत जातो तो आपल्या सहीने. यंत्रावरचे आकडे वाचणं हे त्यातलं निम्मंच काम. मतं साठवणारं कंट्रोल युनिट समोर आलं की आधी त्याचा नंबर, टॅग आणि कागदी सील १७ सी नमुन्याच्या, म्हणजे केंद्रावरच्या मतांच्या हिशेबाच्या, पहिल्या भागाशी जुळवायचं. हा भाग मतदानाच्या संध्याकाळी केंद्राध्यक्षांनी भरलेला असतो आणि प्रतिनिधींकडेही त्याची प्रत असते. मग टोटल दाबायचं. हा आकडा १७ सी शी जुळला तरच रिझल्ट.

चौथ्या फेरीत माझ्या टेबलावर एक यंत्र आलं. १७ सी वर ६१२, यंत्रावर ६६२. मी परत दाबलं. ६६२. जाळीपलीकडच्या एका काकांच्या हातात त्यांची प्रत होतीच. ते म्हणाले, "मॅडम, पन्नास जास्त म्हणजे मॉक पोलचेच. वजा करा आणि पुढे चला, उशीर कशाला?"

काकांचा अंदाज बरोबर असणार हे मलाही दिसत होतं. मतदानाआधी प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचं मॉक पोल घेतात आणि क्लिअर दाबून यंत्र शून्यावर आणतात. ते क्लिअर राहून गेलं होतं. सहायकाने पेनसुद्धा उचललं. पण ती पन्नास मतं कुणाच्या नावावर किती पडली होती, हे त्या टेबलावर बसून मी कशाच्या आधारावर ठरवणार होते? मी हात वर केला. सहायक निवडणूक निर्णय अधिकारी आले, दोन्ही आकडे पाहिले, नोंद झाली आणि यंत्र बाजूला गेलं.

असं यंत्र शेवटपर्यंत बाजूला राहतं. २०२५ पर्यंतच्या नियमाप्रमाणे मताधिक्य अशा केंद्रांवरच्या एकूण मतांएवढं किंवा त्याहून कमी निघालं, तरच तिथल्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे प्रत्येक मत कागदावर छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्या मोजायचे. आमच्याकडे मताधिक्य हजारांत गेलं. त्यामुळे निकाल लागला आणि ती ६१२ मतं कुणाच्याच खात्यात आली नाहीत. उन्हात रांगेत उभी राहिलेली ती माणसं माझ्या डोळ्यांसमोरून बरेच दिवस हलली नाहीत. म्हणून केंद्राध्यक्ष म्हणून जाणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, मॉक पोलनंतर क्लिअर दाबा, टोटल शून्य दिसतंय हे सगळ्यांना दाखवा आणि मगच सील करा.

"एवढ्याशा फरकाने काय होतंय" हे वाक्य टेबलावर हमखास ऐकू येईल. २०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला. त्याच वर्षी विधानसभेला मालेगाव मध्यमध्ये फरक १६२ चा होता, साकोलीत २०८ चा. टपाली मतांच्या टेबलावर असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मताधिक्य बाद ठरवलेल्या टपाली मतांपेक्षा कमी असेल, तर निकालाआधी ती सगळी बाद मतं पुन्हा तपासावीच लागतात. तेव्हा बाद करतानाच कारण स्वच्छ लिहा.

एकूण मतं जाहीर झाल्यावर उमेदवार किंवा त्याचा प्रतिनिधी कारणं देऊन फेरमोजणीचा लेखी अर्ज करू शकतो. तो मान्य करायचा की फेटाळायचा हे निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतात, तेही लेखी आणि सकारण. टेबलावर कुणी तावातावाने बोललं तर वाद घालू नका, अर्ज कुठे द्यायचा ते सांगा. निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका होऊ शकते आणि तिथे आपण भरलेले कागद बोलतात. चंदीगडच्या महापौर निवडणुकीत, जानेवारी २०२४ मध्ये, पीठासीन अधिकाऱ्याने ८ मतपत्रिका बाद केल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने त्या स्वतः मागवून पाहिल्या, वैध ठरवल्या आणि निकाल बदलला.

थकवा खरा येतो तो शेवटी. २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रात चिठ्ठी टाकून पाच केंद्रं निवडतात आणि त्यांच्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजतात. बँकेच्या कॅशियरसारखा जाळीचा कक्ष असतो, आत उमेदवारवार खण. यंत्र सुरू करताना छापलेल्या सात चाचणी चिठ्ठ्या आधी वेगळ्या काढायच्या, मग २५-२५ चे गठ्ठे. यंत्र आणि चिठ्ठ्या यांत फरक निघाला तर चिठ्ठ्यांचा आकडा धरतात, म्हणून इथे घाई नको.

त्या रात्री आमच्या तिसऱ्या केंद्राला एक चिठ्ठी कमी पडत होती. सकाळपासून पाठ टेकली नव्हती. दुसऱ्यांदा मोजलं, तरी एक कमी. सूक्ष्म निरीक्षक पोस्टातले होते, गठ्ठे मोजण्यात हयात गेलेली. त्यांनी व्हीव्हीपॅटचा चिठ्ठ्यांचा डबा मागितला, दिव्याकडे तिरका धरला आणि आत बोट फिरवलं. कोपऱ्यात गुंडाळी होऊन चिकटलेली एक चिठ्ठी निघाली. ती सगळ्या प्रतिनिधींना दाखवली, तिच्या खणात ठेवली, आणि तो गठ्ठा आम्ही पहिल्यापासून पुन्हा मोजला. पंचवीस भरले. मग सह्या केल्या.