चिंचोके, खोकी अन् बाटल्या पोरांच्या हातात देताय? आधी या चुका टाळा

सांगलीजवळच्या एका गावात मी बालवाडी घेते, 3 ते 6 वर्षांची पोरं. विकत आणलेली खेळणी आमच्याकडं थोडीच, बाकी सगळा कारभार चिंचोके, कणसाची बुरकुंडं, नारळाच्या करवंट्या, बाटल्यांची झाकणं आणि द्राक्षाची रिकामी खोकी यांच्यावर चालतो. आता बऱ्याच आया विचारतात की घरी असलं काय काय ठेवू, म्हणून आमच्याच हातून झालेल्या चुका सांगते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "आम्ही लहानपणी खेळलोय की, काय झालं आम्हाला?" हे वाक्य. मी स्वतः बिट्ट्यांनी खेळत मोठी झाले, त्यामुळं बालवाडीत पहिल्याच वर्षी हौसेनं डबाभर बिट्ट्या गोळा करून ठेवल्या. एका पोराच्या आजीनं बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, कण्हेरीचं बी हाय ते, टाक आधी." बरोबर होतं तिचं. बिट्टी म्हणजे पिवळ्या कण्हेरीचं फळ, आतल्या बियांचं विष थेट हृदयावर जातं. आपण 8-9 वर्षांचे असताना खेळत होतो, तेव्हा तोंडात घालायचं वय सरलेलं होतं, 3 वर्षांच्या पोराचं तसं नसतं.

गुंज त्याहून वाईट, कारण ती दिसायला लई सुंदर, लाल आणि वर काळा ठिपका. अख्खी गिळली तर टणक सालीमुळं बऱ्याचदा तशीच बाहेर पडते, पण चावली किंवा माळ करायला सुईनं भोक पाडलेलं असलं तर विषाला वाट मोकळी. आणि आपण नेमकी माळच करायला घेतो! एरंड, बांधावरचा मोगली एरंड, धोतरा हेही नकोत. मोगली एरंडाचं बी चवीला शेंगदाण्यासारखं लागतं म्हणून पोरं एकमेकांना वाटून खातात आणि मग सगळी एकदम ओकायला लागतात. बी ओळखता येत नसेल तर ते घ्यायचंच नाही, एवढा साधा नियम मी आता पाळते.

दुसरं मापाचं. 3 वर्षांच्या आतल्या पोरासाठी साधारण 3.2 सेंटीमीटर रुंदीच्या नळीत मावेल असं काहीही धोक्याचं, घशात अडकू शकतं. दहाचं नाणं 2.7 सेंटीमीटरचं असतं, म्हणजे त्याच्याहून थोडं मोठं असलं तरी नकोच. चिंचोका, हरभरा, शेंगदाणा नाकात गेला तर ओलाव्यानं फुगतो आणि जास्तच घट्ट बसतो, अशा वेळी पिन घालून उकरू नका, पाणी ओतू नका, सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं न्या. घरात धाकटं रांगणारं असलं तर मोठ्याचा चिंचोक्याचा डबा वर ठेवा, बास.

टाकाऊ वस्तूंत मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती बटणासारख्या चपट्या सेलची. दिवाळीतल्या लाइटच्या पणत्या, गाणं वाजणारी ग्रीटिंग कार्डं, जुने रिमोट हे सगळं आपण "पोरगं खोलून बघील, शिकेल" म्हणून देतो. असला सेल गिळून अन्ननलिकेत अडकला तर 2 तासांत आत गंभीर भाजतं. शंका आली तरी वाट बघत बसू नका, दवाखाना गाठा.

आणि आपल्या भागातली खास चूक, औषधाचे डबे. तासगाव, पलूसकडं द्राक्षबागा, त्यामुळं फवारणीच्या औषधांच्या छान रंगीत, घट्ट झाकणाच्या बाटल्या घरोघर पडलेल्या असतात. कितीही धुवा, ती बाटली पोराच्या हातात जायची नाही, तिचं झाकणसुद्धा नाही. लेबलवर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण दिसला की ते औषध आहे हे ओळखा, हिरवा म्हणजे खेळायला चालतं असं नव्हे. द्राक्षाची खोकी मात्र मस्त, फक्त तळाच्या पिना पक्कडीनं उपटा. मी विसरले होते एकदा, एका पोरीच्या गुडघ्याला लागलं आणि तिच्या आईचं दोन दिवस ऐकून घेतलं.

मातीचं काय चुकतं? बेंदराला बैल करायला घेतो आणि दुसऱ्या दिवशी शिंगं गळून पडलेली, पोटाला भेगा, पोरं रडकुंडीला. आपली काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून तडकते. चाळून रात्रभर भिजवा, थोडी बारीक वाळू आणि बारीक चिरलेला भुसा मिसळून चांगली मळा, आणि बैल उन्हात नाही, सावलीत वाळवा. पुराच्या गाळाला मात्र हात लावायचा नाही. 2019 आणि 2021 च्या पुरानंतर लोकांनी नदीकाठची मऊ माती बघून "खेळायला बरी" म्हटलं, पण त्यात सांडपाणी, काचा, काय काय वाहून आलेलं असतं.

चिंचोक्यांत सोंडे झाले तर चार दिवस कडक ऊन द्या आणि कोरड्या बरणीत भरा. ओल्या हाताचं सामान परत डब्यात गेलं की बुरशी धरतेच.

आता जी चूक मला स्वतःला सोडायला सगळ्यात जड गेली ती. आपण बाटलीचा पेनस्टँड, झाकणांचं फूल असलं "टाकाऊतून टिकाऊ" आपणच करतो, फोटो काढतो, आणि पोरगं बाजूला बसून फेविकॉल चिकटवायचं काम करतं. त्याला खेळ म्हणत नाहीत हो! ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 ला बोर्डीत आणि 1957 पासून कोसबाडला आदिवासी पोरांसाठी बालवाड्या चालवल्या, तिथं शंख-शिंपले, दगड, पानं असलं भोवतालचंच सामान मुलांच्या हातात दिलं. सामान काय आहे हे पोरानं ठरवायचं असतं. "माझं पोरगं असल्या सामानाशी खेळतच नाही" म्हणणाऱ्यांच्या घरी बऱ्याचदा एकदम वीस प्रकार मांडलेले असतात, किंवा आई शेजारी बसून "हे लाव, ते मोज" करत असते. तीनच प्रकार ठेवा, भरपूर ठेवा, आणि स्वयंपाकघरात जा.

गेल्या ऊस हंगामात, कारखान्याच्या वजनकाट्यावर ट्रॉल्यांची रांग लागते त्या दिवसांत, एका 4 वर्षांच्या पोरानं झाकणांची लांबच्या लांब रांग लावली, प्रत्येकावर बाभळीच्या शेंगेचा तुकडा. सुट्टी झाली, मी आवरायला वाकले, तर हात आडवा घालून म्हणाला, "थांबा की ओ बाई, ट्रॉल्या हैत, अजून काटा व्हायचाय."