रेट्रो हॉरर गेम बनवताय? मग या चुका टाळा

'फिल्टर लावला की झाला रेट्रो' हे आधी डोक्यातून काढा. ४के टेक्स्चर (मॉडेलवर चढवलेली चित्रं), गुळगुळीत मॉडेल, त्यावर पिक्सेलचा शेडर (चित्राचं रूप बदलणारा छोटा प्रोग्राम). स्क्रीनशॉट बरा येतो, पण कॅमेरा हलला की पितळ उघडं पडतं. पहिल्या प्लेस्टेशनचं चित्र तसं दिसायचं ते मर्यादांमुळे: व्हिडिओ मेमरी १ एमबी, टेक्स्चरला पर्स्पेक्टिव्ह करेक्शन (लांब-जवळच्या अंतरानुसार दुरुस्ती) नाही, झेड-बफर (कोणता पिक्सेल पुढे, कोणता मागे याची नोंद) नाही, आणि व्हर्टेक्स (मॉडेलचे कोपऱ्यांचे बिंदू) पूर्ण पिक्सेलवरच बसायचे. त्या मर्यादा मुळातच घाला. टेक्स्चर ६४ किंवा १२८ पिक्सेलची, फिल्टरिंग निअरेस्ट (पिक्सेल एकमेकांत न मिसळता), आणि रेंडरिंग लहान व्ह्यूपोर्टमध्येच (ज्या चौकटीत चित्र आधी काढलं जातं ती).

व्ह्यूपोर्टचा आकडाही हिशेबाने निवडा. ३२०×२४० हे १०८० ओळींच्या पडद्यावर ताणलं की साडेचार पट होतं, म्हणजे काही ओळी चार पिक्सेल जाड, काही पाच, आणि चालताना भिंती लुकलुकतात. एक तर ४ पट करून कडेला काळी पट्टी ठेवा, नाहीतर सरळ ३२०×१८० घ्या. ६ पटीत १९२०×१०८० चपखल बसतं.

व्हर्टेक्स थरथरवायचे तर राउंडिंग प्रोजेक्शननंतर (त्रिमितीतले बिंदू पडद्यावर आणल्यावर), म्हणजे डब्ल्यूने (अंतराच्या आकड्याने) भागून झाल्यावर. वर्ल्ड पोझिशन (गेमच्या जगातली बिंदूची जागा) राउंड केलीत तर कॅमेरा कितीही फिरवा, भिंत ढिम्म. अफाइन मॅपिंग (पर्स्पेक्टिव्ह करेक्शनशिवाय टेक्स्चर चढवणं) चालू असताना अख्खी फरशी दोन त्रिकोणांत उरकू नका, कर्णावर मोडल्यासारखी दिसते. साधारण मीटरभराचे तुकडे करा. आणि थरथर बंद करायची सोय मेनूत द्या, काहींना खरंच गरगरतं.

खेळणारे गेम सोडून जातात ते मात्र फिक्स्ड कॅमेऱ्यामुळे (एका जागी रोवलेला, पात्र पुढच्या भागात गेलं की दुसऱ्यावर उडी मारणारा). पाठलागाचा प्रसंग घ्या. राक्षस मागे, खेळणारा 'वर' दाबून बोळातून पळतोय. कोपऱ्यावर कॅमेरा बदलतो आणि समोरून दाखवू लागतो. बोट अजून 'वर'वरच, पण आता 'वर' म्हणजे उलट दिशा. पात्र गर्रकन वळून थेट राक्षसाच्या तोंडात. लगेच कॅमेरा पुन्हा जुना, पुन्हा उलटं, असं दाराशी नाचत मरण. ही भीती नाही, चीड आहे.

उपाय सोपा, पण शॉर्टकटवाले करत नाहीत. कॅमेरा बदलला तरी स्टिक सुटेपर्यंत जुन्या कॅमेऱ्याचीच दिशा धरून ठेवा. स्टिक सुटली किंवा ४५ अंशांहून जास्त वळली की नवी लागू करा. शिवाय दोन कॅमेऱ्यांचे ट्रिगर (पात्र ज्यात शिरलं की तो कॅमेरा लागतो ते भाग) अर्धा-एक मीटर एकमेकांवर चढवा आणि पात्र जुन्यातून पूर्ण बाहेर पडल्यावरच कॅमेरा बदला, म्हणजे सीमेवर चित्र फडफडणार नाही. एवढंही नको असेल तर टँक कंट्रोल ठेवा. १९९६च्या 'रेसिडेंट ईव्हिल'मध्ये 'वर' म्हणजे पात्राच्या नाकासमोर, त्यामुळे ही भानगडच नव्हती. जुनाट म्हणून नाक मुरडण्याआधी हे समजून घ्या.

बाकीच्या चुका पटकन. धुकं कॅमेऱ्याच्या फार क्लिपच्या (ज्यापलीकडे काहीच काढलं जात नाही त्या अंतराच्या) आधी पूर्ण दाट व्हायला हवं, आणि मागचा रंग धुक्याचाच. नाहीतर भिंती हवेतून टपकतात. दर खोलीत ऑटोसेव्ह दिलात तर कोणी कशाला घाबरेल? किल्ली किंवा फ्यूज कुठेही टाकून देता येत असेल तर गेम कधीतरी अडकणारच, तेव्हा कोड्याच्या वस्तूंना 'टाका' पर्यायच नको. आवाज २२०५० हर्ट्झवर उतरवा, मग रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) लावा. आणि ऐन चकमकीआधी सेव्ह होत असेल तर गोळ्या संपलेल्या अवस्थेतली सेव्ह फाइल उघडून तो प्रसंग पार करता येतो का, ते प्रत्येक बिल्डमध्ये तपासा.