व्हर्जिनियात घर घेतलंत? डॉगवुड लावण्याआधी एवढं वाचा

घर घेतल्यावरच्या पहिल्याच एप्रिलात शेजारचा डॉगवुड पांढराशुभ्र फुलतो आणि आपल्यालाही तो हवासा वाटतो. लावाच. तो इथलं राज्यफूलही आहे आणि राज्यवृक्षही. आपण ज्यांना पाकळ्या समजतो ती बोगनवेलीसारखी रंगीत पानं असतात. खरी फुलं म्हणजे मधला हिरवट पिवळा झुबका.

आपली मंडळी कढीपत्त्याची कुंडी थंडीत उचलून घरात घेतात, आणि अंगणातलं झाड मात्र गवत कापणाऱ्यांच्या हवाली करतात. हे मला पटत नाही. त्यांच्या ट्रिमरची दोरी बुंध्याला लागली की साल फाटते आणि तिथूनच खोडकिडा आत शिरतो.

माझं पहिलं झाड मात्र माझ्याच हातून मेलं. खोल खड्डा घेतला, बुंध्याला माती चढवली, वर दर वसंतात मल्चचा, म्हणजे मातीवर पसरायच्या लाकडाच्या चुऱ्याचा, ढीग. तिसऱ्या उन्हाळ्यात पानांच्या कडा करपल्या. मी पाणी वाढवलं. पाचव्या वर्षी ढीग बाजूला केला, तर आतली ओली साल बोटांना चिकटून सुटून आली.

म्हणून कळकळीने सांगतो, खोल लावू नका. बुंधा खाली जिथे मुळांकडे पसरायला लागतो, तो भाग उघडा दिसलाच पाहिजे. नर्सरीच्या कुंडीतही तो बरेचदा मातीखाली गेलेला असतो; आधी बोटाने उकरून शोधा. खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोली गड्ड्याएवढीच. आपल्याकडच्या लाल चिकणमातीत गड्डा इंचभर वरच ठेवा. मल्च दोन-तीन इंच, बुंध्यापासून वीतभर लांब. शेजारीपाजारी सगळ्यांनी ढीग केलेले दिसतील. त्यांचं बघून करू नका.

खणण्याआधी काही दिवस ८११ ला फोन करा. गॅसच्या, विजेच्या लाइन कुठून जातात ते फुकट आखून देतात.

हे मूळचं मोठ्या झाडांच्या सावलीतलं झाड. सकाळचं ऊन, दुपारची सावली अशी जागा द्या. मुळं उथळ असतात, त्यामुळे पहिले दोन उन्हाळे पाऊस नसेल तेव्हा आठवड्यातून एकदा भरपूर पाणी हवंच. अँथ्रॅक्नोज या बुरशीरोगाची धास्ती असेल तर 'अपॅलॅचियन स्प्रिंग' ही जात मागा; ती मेरीलँडच्या कॅटॉक्टिन डोंगरात रोगातून वाचलेल्या झाडापासून आली आहे. कूसा डॉगवुडही रोगाला दाद देत नाही, पण तो आशियातला, आणि साधारण महिनाभर उशिरा फुलतो.

छाटणी फुलं गळल्यावर लगेच करा. ऑगस्टअखेर फांद्यांच्या टोकांना बटणांसारख्या कळ्या धरतात. तेव्हा कात्री चालवलीत, तर पुढचा एप्रिल कापलात.

शरदातली लाल फळं मुलांना खाऊ देऊ नका. ती पक्ष्यांची.