कोरडा केक, तळाशी गेलेले बेदाणे, फाटलेली बासुंदी: सुक्या फळांचे पदार्थ करताना या चुका टाळा

दिवाळीच्या तोंडावर पुण्यात रविवार पेठेतून नाहीतर मार्केट यार्डाच्या भुसार बाजारातून सुकामेवा घरी येतो, आणि त्यातलं जे उरतं ते डिसेंबरात केकमध्ये जातं. मधल्या काळात शिरा, बासुंदी, डिंकाचे लाडू होतात. बदाम-काजू यात फारसे अडवत नाहीत. बेदाणे, मनुका, अंजीर, जर्दाळू, खजूर, खारीक मात्र अडवतात, आणि त्याचं कारण पाण्यात आहे. साधारण चार किलो द्राक्षं वाळली की एक किलो बेदाणा हाती लागतो. गेलेलं पाणी हे फळ मिळेल तिथून परत ओढतं: केकच्या मिश्रणातून, सारणातून, पावसाळी हवेतूनसुद्धा. ते त्याला आधीच द्यायचं की अजिबात मिळू द्यायचं नाही, हे पदार्थ बघून ठरवावं लागतं. शिवाय पाणी गेल्यामुळे आत साखर दाटलेली असते, म्हणून ही फळं चटकन करपतात. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ या दोन गोष्टींत आहे.

केकमध्ये फळं कोरडीच घालणं

ओव्हनमधून काढताना मऊ असलेला केक दुसऱ्या दिवशी कोरडा, भुसभुशीत लागला तर आधी फळांवर संशय घ्या. न भिजवलेले बेदाणे केक भाजताना आणि नंतर डब्यातही आजूबाजूचा ओलावा शोषत राहतात. बेदाणे आणि काळ्या मनुकांना गरम संत्र्याच्या रसात अर्धा तास पुरतो. अंजीर आणि जर्दाळूचे तुकडे करून रात्रभर ठेवावेत. रस नको असेल तर कोरा चहा उत्तम, रंगही छान येतो.

इथेच एक मोठी गल्लत होते. नाताळच्या केकसाठी फळं महिनाभर आधी रममध्ये भिजवतात, हे ऐकून काही जण तेवढेच दिवस ती संत्र्याच्या रसात भिजवून ओट्यावर ठेवतात. रममध्ये ती टिकतात ती मद्यार्कामुळे. रसात ती आंबतात, फेस येतो, वास बदलतो. रसातली फळं फ्रिजमध्येच ठेवा आणि दोन दिवसांत वापरा. फेस आलेलं भिजवण ‘जरा आंबूस आहे, भाजल्यावर जाईल’ म्हणून केकमध्ये ढकलू नका.

भिजवल्यावर निथळणंही तितकंच महत्त्वाचं. टपटपणारी फळं मिश्रणात गेली की प्रत्येक तुकड्याभोवती चिकट, कच्चट कडं राहतं. चाळणीवर नीट निथळून, स्वच्छ फडक्यावर पंधरा-वीस मिनिटं पसरून मगच वापरा. खाली जमलेला रस टाकू नका. पाककृतीत जे दूध किंवा पाणी आहे, त्यातलं तेवढंच कमी करून हा रस घाला.

टुटीफ्रुटी मात्र भिजवायची नसते. ती कच्च्या पपईची, साखरेच्या पाकात मुरवलेली असते. तिला पाण्याची भूक नाही.

फळं तळाशी बसणं

यावर सगळीकडे एकच उपाय सांगितला जातो: फळं मैद्यात घोळवा. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. मैदा चिकटून थोडा अटकाव होतो, तोही फळाचा पृष्ठभाग कोरडा असेल तरच. ओल्या फळावर त्याची लापशी होते आणि कापल्यावर पांढरे ठिपके दिसतात. घोळवायला वेगळा मैदा घेऊ नका, मोजून घेतलेल्यातलाच चमचाभर काढा.

खरं कारण बहुतेक वेळा पातळ मिश्रणात असतं. आपल्याकडे बिनअंड्याचा केक घरोघरी होतो: दही, तेल, दूध, सोडा. चवीला सुरेख, पण हे मिश्रण इतकं सैल असतं की अख्खा जर्दाळू त्यात तरंगणं शक्यच नाही. अशा केकमध्ये फळं थोडी घाला आणि बेदाण्यापेक्षा मोठा तुकडा ठेवू नका. टिनमध्ये आधी नुसत्या मिश्रणाचा बोटभर थर द्या, उरलेल्या मिश्रणात फळं हलक्या हाताने कालवून वर ओता. भरगच्च फळांचा केक हवा असेल तर पाककृतीच दुसरी निवडावी लागेल: लोणी आणि साखर फेटून केलेली, चमच्यावरून धपकन पडणाऱ्या घट्ट मिश्रणाची. पाकातल्या लाल चेरी तर हमखास बुडतात. त्यांचा पाक कोमट पाण्याने धुवा, पुसा, अर्ध्या चिरा.

वरचे बेदाणे काळे पडणं

केकच्या पृष्ठभागावर उघडा राहिलेला बेदाणा करपून कडू होतो, आणि त्याची कडवट चव घासभर पसरते. टिन ओव्हनमध्ये ठेवण्याआधी वर आलेली फळं बोटाने आत दाबा. घरच्या छोट्या ओटीजीमध्ये वरचा रॉड केकच्या फार जवळ असतो, म्हणून टिन खालच्या खाचेत ठेवा. भरपूर फळांचा केक १८० अंशांवर भाजू नका. १५० ते १६० अंश, आणि सात इंची टिनला दीड ते दोन तास लागू शकतात. तासाभराने वर बटर पेपर अलगद ठेवला तर रंग आवाक्यात राहतो.

केक झाला का हे बघताना काडी चिकट निघाली म्हणून आणखी वीस मिनिटं भाजणारे पुष्कळ असतात. काडी बेदाण्यातून गेली असेल तर ती चिकटच निघणार. दोन-तीन वेगळ्या जागी टोचून मग ठरवा.

शिऱ्यात हीच चूक तुपात होते. काजू आणि बेदाणे एकदम तुपात टाकले की काजू गुलाबी होईपर्यंत बेदाणे कोळसा होतात. काजू आधी तळून काढा, आच मंद करा, मग बेदाणे घाला आणि ते फुगले की त्याच क्षणी उपसा. गरम तुपात राहिले तर गॅस बंद केल्यावरही काळे पडत जातात.

दुधात घाई

गुळाची खीर फाटू नये म्हणून गूळ गॅस बंद करून घालायचा, हे आपल्याला आई-आजीने शिकवलेलं असतं. सुक्या फळांना तोच नियम लावायला मात्र आपण विसरतो. जर्दाळूत आंबटपणा चांगलाच असतो, उकळत्या दुधात तो गेला की दूध फाटू शकतं. अंजिरात दुधातली प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) असतं. सुकवताना त्याचा जोर बराच ओसरतो, पण पूर्ण जाईलच असं नाही. म्हणून अंजीर बासुंदीसाठी अंजीर थोड्या पाण्यात पाच-सात मिनिटं उकळा, गार करा, वाटा आणि गार झालेल्या बासुंदीत मिसळा. उकळल्याने विकर निकामी होतं.

अंजिराबद्दल आणखी एक. पुण्याजवळच्या पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते मुख्यतः ताजंच विकलं जातं. दोऱ्यात ओवलेल्या माळेतलं सुकं अंजीर बहुतेक अफगाणिस्तानातून येतं. ताज्या अंजिराच्या पाककृतीत तेवढ्याच वजनाचं सुकं घातलं तर पदार्थ घट्ट गोळा होतो आणि गोड मिट्ट लागतो. ताज्याच्या पाव ते एक तृतीयांश वजनाचं सुकं अंजीर घ्या, तेही भिजवून.

खजूर आणि खारीक एकमेकांऐवजी वापरणं

डिंकाच्या लाडवात खारीकच हवी. खजूर घातला तर लाडू ओलसर होतात, डिंकाचा कुरकुरीतपणा जातो आणि टिकतही नाहीत. खारीक अडकित्त्याने फोडून बी काढा, उन्हात किंवा मंद आचेवर कोरडी करा, पूर्ण गार झाल्यावर मिक्सर थांबवत-थांबवत फिरवा. ओलसर किंवा गरम खारीक फिरवली की पात्याभोवती गोळा बसतो आणि मिक्सर तापतो. पावसाळ्यात दळलेली पूड डब्यात गच्च होते, म्हणून ती लागेल तेवढीच करा.

खजुराच्या रोलमध्ये उलटी चूक होते, तो फार परतला जातो. खजूर तुपात मऊ होऊन गोळा जमला की थांबा. पुढे परतत राहिलात तर पाणी उडतं आणि गार झाल्यावर वडी दाताला चिकटते. ‘बिनबियांचा’ लिहिलेल्या पाकिटातलाही प्रत्येक खजूर उघडून बघा. एखादी बी हमखास सापडते, आणि ती दात किंवा मिक्सरचं पातं मोडू शकते.

खजूर घातलेल्या केकमध्ये साखर मूळ मापाने घालू नका. खजुराच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेचाच असतो. आणि वाटीने मोजू नका: दाबून भरलेली खजुराची वाटी आणि सैल भरलेली वाटी यांत फार फरक पडतो. छोटा वजनकाटा घ्याच.

आमसूल हेही सुकं फळच, रातांब्याचं. ते डाळीबरोबर कुकरमध्ये घालू नका. आंबटपणाने डाळ शिजायला अडते, दाणा दाणा राहते. डाळ शिजवून घोटल्यावर, आमटीला उकळी आली की घाला. पार्शी पद्धतीच्या मटणात जर्दाळूही असेच शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत, भिजवलेल्या पाण्यासकट घालावेत. आधी घातले तर विरघळून रश्शात हरवतात.

रंगाला भुलणं आणि डबा ओट्यावर ठेवणं

चकचकीत पिवळा बेदाणा आणि केशरी जर्दाळू यांचा रंग बहुधा गंधकाच्या प्रक्रियेने राखलेला असतो. पाकिटावर सल्फर डायऑक्साइड किंवा २२० हा क्रमांक दिसतो. घरात कुणाला दमा असेल तर हे वाचूनच घ्या, काहींना त्याचा त्रास होतो. गंधक न लावलेला जर्दाळू तपकिरी असतो आणि चवीला जास्त खोल.

जूनपासून पुण्याची हवा दमट होते, तेव्हा सगळी सुकी फळं काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवा. अंजिरावर किंवा खजुरावर पांढरं दिसलं म्हणून लगेच फेकू नका. एक फळ कोमट पाण्यात टाका: पांढरं विरघळलं आणि वास गोडच राहिला तर ती वर आलेली साखर आहे. केसाळ, हिरवट-राखाडी थर असेल किंवा कुबट वास येत असेल तर ती बुरशी, आणि मग अख्खी बरणी टाकून द्यायची, वरची फळं निवडून उरलेली वापरायची नाहीत. अंजीर तर वापरण्याआधी प्रत्येक वेळी मधोमध फाडून उजेडात बघा, अळी आतच असते.