वाड्याच्या धाटणीचे पक्षीघर: या चुका टाळा

आपल्या गॅलरीत चिमण्यांसाठी छोटेखानी वाडा असावा, ही हौस पुण्यात बरीच दिसते आणि तिच्यात गैर काही नाही. इस्तंबूलमध्ये १७६०-६१ साली उभ्या राहिलेल्या आयाझ्मा मशिदीच्या भिंतींवरही महालांसारखी कोरलेली दगडी पक्षीघरे आहेत. बिघडते ते दाराच्या मापात.

कोथरूडमधील एका गृहस्थांनी विश्रामबाग वाड्याच्या दर्शनी भागाबरहुकूम पक्षीघर करवून घेतले. सुरूच्या घाटाचे खांब, कठड्याचा सज्जा आणि मधोमध चार बोटे रुंद उघडी महिरप. चिमण्यांनी संसार मांडला, पिल्लेही झाली. मग कावळ्याने सज्जाच्या कठड्यावर ऐसपैस बसून ती एकेक करून उचलून नेली. गृहस्थ कावळ्यावर संतापले होते, परंतु त्याला बसायला जागा आणि चोच घालायला वाट त्यांच्याच नक्षीने दिली होती. चिमणी जुन्या वाड्यांत राहिली ती कडीपाटाच्या फटींत आणि तसबिरींमागे, दिंडीदरवाजात नव्हे. तिला ३२ मिलिमीटरचे गोल भोक पुरते. ते तळापासून १२ ते १५ सेंटिमीटर उंच असावे आणि त्याखाली दांडी किंवा सज्जा मुळीच नसावा. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाचा रुबाब मोठा, तरी माणसांच्या ये-जा करण्यासाठी त्यात लहानशी दिंडी आहेच. महिरप हवी तेवढी कोरा, पण तिच्यामागे फळी ठोकून भोक त्या फळीत पाडा. मी त्या मापाचे होल सॉ, म्हणजे गोल भोक पाडणारे करवतीचे पाते, वेगळ्या डब्यात ठेवतो, कारण सुताराच्या ‘अंदाजे’ या शब्दावर माझा विश्वास नाही.

एमडीएफ, म्हणजे लाकडाचा बारीक भुगा दाबून केलेली फळी, पहिल्याच पावसाळ्यात फुगते. रंग फक्त बाहेरून, पाण्यात मिसळणारा आणि फिकट द्यावा. आतील लाकूड खरखरीतच ठेवावे, कारण गुळगुळीत फळीवरून पिल्लांना वर चढता येत नाही. तळाला पाणी निथळण्यासाठी आणि छपराखाली हवेसाठी भोके हवीत, शिवाय साफसफाईसाठी एक बाजू उघडणारी हवी. पत्र्याचे छप्पर एप्रिलमधल्या पुण्यात भट्टी ठरते.

तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला ठेवावे, कारण आपला पाऊस पश्चिमेकडून झोडपतो.

आठ दिवसांत कोणी आले नाही म्हणून घराची जागा बदलणारे आणि आत तांदूळ टाकून ठेवणारे उतावीळ लोक मला दरवर्षी भेटतात. दाण्यांनी मुंग्या आणि उंदीर येतात, चिमण्या नव्हे. घर एकदा टांगले की निदान वर्षभर हलवू नये. बुलबुल, शिंपी आणि सूर्यपक्षी अशा पेटीत घरटे करतच नाहीत, तेव्हा त्यांची वाट पाहू नये.